बारा वाजल्यानंतर

१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री दिल्लीत घटना समितीच्या सभागृहात बाराचे ठोके पडले, तेव्हा मुंबई वेळेने अकरा वाजून एकवीस मिनिटे झाली होती. ही मुंबई वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे आणि मुंबई महापालिकेने ती तोवर सोडलेली नव्हती. हट्ट जुना होता. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशाला एकच वेळ लावली, तेव्हा फिरोजशहा मेहतांसारखे नेते पालिकेत विरोधाला उभे राहिले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम बंद पाडून गिरणीच्या घड्याळावर दगड फेकले. नव्या वेळेमुळे भोंगा ३९ मिनिटे आधी वाजणार होता आणि झोप तेवढीच कमी होणार होती. मेहतांची तक्रार वेगळी, कामगारांची वेगळी. पण आपल्या शहराची वेळ ठरवणारे हे कोण, हा प्रश्न दोघांचाही होता.

स्वातंत्र्याची तारीखही आपण निवडलेली नव्हती. ॲटली सरकारने सत्तांतरासाठी जून १९४८ ची मुदत जाहीर केली होती. माउंटबॅटन यांनी ती दहा महिने अलीकडे ओढली आणि १५ ऑगस्ट पक्का केला, तो जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षे पूर्ण होत होती म्हणून. आग्नेय आशियातील दोस्त फौजांचे ते सरसेनापती होते, त्यांच्या आठवणीत तो दिवस मोठा होता. ज्योतिष्यांनी तो अशुभ ठरवला आणि त्यातून मध्यरात्रीचा तोडगा निघाला, असे सांगतात. इंग्रजी हिशेबाने तारीख बदलते, पंचांगाच्या हिशेबाने सूर्योदयापर्यंत आदलाच दिवस चालू राहतो. दोन्ही कालगणनांची मने राखली गेली. राखले गेले नाही ते सीमेवरच्या माणसांचे मन. रॅडक्लिफ यांनी आखलेली रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला. तोवर मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा लागला होता आणि खुलन्यात भारताचा. मग दोन्हीकडचे झेंडे उतरवून बदलावे लागले. पाकिस्तानने १९४८ साली काढलेल्या पहिल्या स्मारक तिकिटांवर स्वातंत्र्याची तारीख १५ ऑगस्ट १९४७ अशीच छापलेली आहे. १४ ऑगस्ट पुढे रुळला.

इतिहासाची पुस्तके हा गोंधळ तळटीपेत ढकलतात. कादंबरीने तो मजकुरात घेतला. गोऱ्यांचे राज्य संपल्यानंतर आशिया-आफ्रिकेत जे कथात्म लेखन झाले, त्याला समीक्षकांनी 'वसाहतोत्तर' असे जरा अवजड नाव दिले आहे. या लेखनात काळ सरळ चालत नाही, कथा मागेपुढे उड्या मारते, निवेदकाच्या तारखा चुकतात, हे आता विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांतही येऊन बसले आहे. याचे श्रेय सहसा युरोप-अमेरिकेतल्या आधुनिकतावाद्यांना दिले जाते : जॉइसने केले, फॉकनरने केले, मग यांनी उचलले. तंत्रापुरते ते थोडेफार खरेही असेल. पण ज्या माणसांना वेळच बाहेरून लावून मिळाली, आणि तीही सगळ्यांना एकाच वेळी नाही, त्यांची गोष्ट सरळ रेषेत सांगितली तर ती खोटी होते. या कादंबऱ्यांतला वाकडा काळ म्हणजे ज्याला जेव्हा आणि जेवढे मिळाले त्याचा चोख हिशेब आहे. स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने तो एकदा वाचून पाहण्याजोगा आहे.

सलमान रश्दी यांची 'मिडनाइट्स चिल्ड्रन' (१९८१) या विषयावर सर्वांना आठवणारी. ठोक्याला ठोका जुळवून मुंबईत जन्मलेला सलीम सिनाई, त्याला आलेले पंतप्रधानांचे पत्र आणि त्या पहिल्या तासात देशभर जन्मलेली एक हजार एक अद्भुत मुले. एवढे ठाऊक असणारे वाचक पुष्कळ. त्यामानाने मेथवोल्ड साहेबाची गोष्ट कमी बोलली जाते, आणि खरी गंमत तिथे आहे. हा इंग्रज आपले बंगले स्वस्तात विकतो, पण दोन अटी घालून. घरातले सगळे सामान नव्या मालकांनी जसेच्या तसे ठेवायचे आणि ताबा मिळणार तो १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीच. नवे मालक आधी कुरकुरतात. मग हळूहळू संध्याकाळी सहाच्या ठोक्याला पेले घेऊन बागेत उतरू लागतात, साहेबासारखे. साहेब जाणार हे नक्की आहे, पण त्याची संध्याकाळ मागे राहणार आहे. सत्तांतराचे इतके नेमके वर्णन राज्यशास्त्राच्या पुस्तकात मिळायचे नाही. आणि ज्याच्या जन्मवेळेचा एवढा बोलबाला झाला तो सलीम मुळात बदललेले मूल आहे. मेरी परेरा नावाच्या दाईने सूतिकागृहात दोन बाळांची अदलाबदल केली होती. म्हणजे मुहूर्त खरा आणि माणूस भलताच.

सलीम सांगता सांगता चुकतो. गांधीजींच्या हत्येची तारीख त्याच्या गोष्टीत चुकीच्या जागी पडते. पुढे त्याला ते कळतेही, पण आता दुरुस्ती करता येणार नाही म्हणून तो चूक तशीच ठेवून पुढे जातो. मराठी वाचकाला याहून जास्त खटकेल ते दुसरेच. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत मराठी-गुजराती दंगल पेटते ती कोणामुळे, तर सायकलवरून मोर्चात जाऊन आदळलेल्या या पोरामुळे! ज्या लढ्यात गोळ्या खाऊन माणसे गेली, ज्यांच्या नावाने हुतात्मा चौक उभा आहे, तो लढा एका मुलाच्या धडपडण्याच्या खात्यावर मांडलेला पाहून हसावे की रागवावे कळत नाही. रश्दींची मुंबई वॉर्डन रोडच्या उंचवट्यावरून दिसणारी मुंबई आहे, गिरणगाव तिला फार लांबचा, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही सलीमच्या चुकीत एक प्रामाणिकपणा आहे. देशाचा इतिहास आपल्याभोवती फिरतो असे त्या पिढीच्या सुखवस्तू मुलांना खरोखर वाटत होते. कादंबरी त्यांचा हा भ्रम जपत नाही, शेवटाकडे त्याचा पार चुरा करते. एक हजार एकपैकी चारशेवीस मुले दहा वर्षांच्या आत मेलेली आहेत, आणि हा आकडा रश्दींनी उगाच निवडलेला नाही.

मंटोच्या 'टोबा टेकसिंग' या कथेला एवढा फापटपसारा लागत नाही. फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही सरकारांना सुचते की कैद्यांप्रमाणे वेड्यांचीही अदलाबदल करावी. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात बिशनसिंग पंधरा वर्षे उभा आहे. त्याला वार, महिना, साल काही सांगता येत नाही. पण घरचे लोक भेटीला येणार तो दिवस त्याला आपोआप कळतो. त्या दिवशी तो अंग घासून आंघोळ करतो, डोक्याला तेल लावतो, ठेवणीतले कपडे घालतो. फाळणी होते आणि भेटी थांबतात. मग ती आतून येणारी खूणही बंद होते. एवढ्या एका तपशिलात मंटोने जे सांगितले ते फाळणीवरच्या जाडजूड ग्रंथांना जमलेले नाही. कॅलेंडर नसलेल्या माणसाचेही एक कॅलेंडर होते, आणि दोन नव्या देशांनी मिळून ते बंद पाडले.

पण स्वातंत्र्यदिनी हातात घ्यावी अशी कादंबरी भारतातली नाही, केनियातली आहे. न्गुगी वा थिओंगो यांची 'अ ग्रेन ऑफ व्हीट' १९६७ साली आली. केनिया स्वतंत्र झाला १२ डिसेंबर १९६३ ला. कादंबरीचा वर्तमानकाळ त्याआधीच्या चार दिवसांचा आणि त्या दिवसाचा, बस. थबाई नावाच्या गावात उत्सवाची तयारी चालली आहे. झाडाला लटकवून मारलेला किहिका हा गावचा हुतात्मा, त्याच्या स्मरणार्थ सभा ठरली आहे आणि मुख्य भाषण करावे म्हणून गावकरी मुगोच्या मागे लागले आहेत. मुगो अबोल, एकटा राहणारा. गावाभोवती खंदक खणायच्या सक्तीच्या कामावर एका बाईला पहारेकरी चाबकाने मारत होता, तेव्हा मुगो आडवा गेला होता. इंग्रजांच्या कैदेत, छावणीतही त्याने तोंड उघडले नाही. एवढ्यावरून गावाने त्याला वीर ठरवले आहे. आणि किहिकाला पकडून देणारा माणूस मुगोच आहे.

कादंबरी पुढे सरकते ती मागे जाऊन. उत्सवाच्या तयारीचे एकेक पाऊल पडते आणि प्रत्येक पावलाबरोबर कोणीतरी १९५२ नंतरच्या आणीबाणीतली आपली गोष्ट दुसऱ्याला सांगू लागतो. गावातला गिकोन्यो सहा वर्षे छावण्यांतून काढून घरी परतला, तर त्याच्या बायकोच्या, मुंबीच्या मांडीवर गावातल्याच कारांजाचे मूल. त्याच्यासाठी ती सहा वर्षे थिजलेली होती, मुंबीसाठी ती रोज उगवत होती आणि रोज पोटाला मागत होती. नवराबायकोच्या दोन काळांची सांगड कशी घालायची हा त्या घरातला प्रश्न, आणि तो कुठल्याही ध्वजारोहणाने सुटणारा नाही. गिकोन्योने काही जणांबरोबर मिळून एका गोऱ्याचा मळा विकत घ्यायचे ठरवले आहे. कर्जासाठी तो आपल्या खासदाराचे उंबरे झिजवतो. खासदार गोड बोलून परत पाठवतो. नंतर कळते की मळा खासदारानेच घेतला. स्वातंत्र्य मिळायला अजून अवकाश आहे, पण कोणाचे स्वातंत्र्य कुठवर पोहोचणार ते ठरून गेले आहे.

मध्यरात्री नैरोबीत युनियन जॅक उतरतो, पाऊस लागून राहतो. दुसऱ्या दिवशी थबाईच्या सभेत गद्दाराने पुढे यावे असे आव्हान दिले जाते. सगळ्यांच्या नजरा कारांजाकडे. उठतो मुगो, आणि सगळे सांगून टाकतो. त्यानंतर सभेला काही अर्थ उरत नाही. लोक पांगतात. न्गुगींनी देशाच्या पहिल्या दिवसाचा शेवट हा असा केला, स्वातंत्र्याला चार वर्षेही झाली नव्हती तेव्हा. पुढे डिसेंबर १९७७ च्या अखेरीस त्यांना स्वतंत्र केनियाच्याच सरकारने वर्षभर तुरुंगात डांबले. तिथे शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली. २०२५ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले तेव्हा मराठी वृत्तपत्रांत त्यांच्या वाट्याला आलेली जागा फार नव्हती.

नायजेरियाचे चिनुआ अचेबे वेळ कोण ठरवतो या प्रश्नाच्या मुळाशी जातात. 'थिंग्ज फॉल अपार्ट' त्यांची गाजलेली, पण काळाच्या बाबतीत १९६४ ची 'ॲरो ऑफ गॉड' अधिक खोल आहे आणि आमच्या मते अधिक मोठीही. उमुआरोच्या सहा गावांचा मुख्य पुजारी एझेउलू. त्याच्याकडे सत्ता म्हणावी तर एकच : नवा चंद्र दिसला की ओगेने वाजवून गावाला कळवायचे आणि देवाचा एक कंद भाजून खायचा. कंद संपत आले की नव्या पिकाचा सण जाहीर करायचा. सण झाल्याशिवाय कोणी शेतातला कंद उपटायचा नाही. म्हणजे गावाचे पंचांग या एका म्हाताऱ्याच्या झोपडीत, कंदांच्या राशीच्या रूपात ठेवलेले आहे.

इंग्रज अधिकाऱ्याला त्या प्रदेशात राज्य चालवायला मुखिये हवे आहेत. हा म्हातारा खरे बोलतो म्हणून तो त्याला मुखियापद देऊ करतो. एझेउलू नाही म्हणतो. कोठडीत जातो. बत्तीस दिवसांत दोन चंद्र उगवून जातात आणि दोन कंद खायचे राहतात. सुटून आल्यावर एझेउलू सण जाहीर करत नाही. देवाचा हिशेब पुरा झालेला नाही, दोन महिने थांबा. वडीलधारे विनवतात, दोष आमच्या माथी घ्या म्हणतात, तो हलत नाही. जमीन कडक होत जाते, कंद मातीत नासू लागतात, घराघरांत उपास पडतात. आणि मग मिशनचा प्रचारक सांगतो की ज्याला पीक काढायचे आहे त्याने आपला कंद चर्चमध्ये वाहावा, आमचा देव राखील. लोक जातात. पोटासाठी जातात, श्रद्धा नंतर येते.

या कादंबरीत इंग्रजांनी पंचांगाला हातही लावलेला नाही. त्यांना त्याची गंधवार्ता नाही. कचेरीतल्या फायलीत एझेउलू म्हणजे वरच्या हुकुमाला नकार देणारा एक उद्धट माणूस, त्यापलीकडे नोंद नाही. एका माणसाला महिनाभर कोठडीत ठेवले की एका समाजाचे वर्ष मोडते, हे त्यांना कधी कळतही नाही. अचेबेंचा न्याय असा की ते एझेउलूलाही सोडत नाहीत. त्याचा नकार देवासाठी किती आणि सूड म्हणून किती, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. जुना काळ सुंदर होता आणि परक्यांनी तो नासवला, असली सोपी रड इथे नाही. परंपरेचा रखवालदारच तिला उपाशी मारतो आणि त्या फटीतून नवा काळ आत येतो. आपल्याकडे परंपरेच्या नावाने जे काही चालते, त्याकडे पाहताना ही कादंबरी जवळ असलेली बरी.

आता आपल्याकडे. मराठी बोलणाऱ्यांचा स्वातंत्र्यदिन एक नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. इतरत्र झेंडे लागून तेरा महिने झाले होते आणि त्या तेरा महिन्यांत तिथे रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. गोव्यावरचा पोर्तुगीज अंमल संपला १९ डिसेंबर १९६१ ला, आणि तोवर इकडे दोन सार्वत्रिक निवडणुका उरकल्या होत्या. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते, त्या जमातींवरचा तो शिक्का देशपातळीवर पुसला जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. पाच वर्षे आणि सोळा दिवस. त्यांना जिथे डांबून ठेवले जाई त्या सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण त्या समाजांच्या आठवणीत अजून आहे. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, पण पाळतात तेच. बाकीच्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो नसतो.

१८७१ च्या त्या कायद्याचे मुख्य हत्यार वेळ हेच होते. हजेरी. ठरल्या वेळी चावडीवर किंवा चौकीवर जाऊन नाव सांगायचे, मग पोर आजारी असो की घरात मयत झालेली असो. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'त (१९५९) वारणेच्या खोऱ्यातले मांग या हजेरीने कसे पिंजून निघतात ते आहे. 'फकिरा'ला आपण शौर्याची कादंबरी म्हणून बाजूला काढले आणि शाळकरी वयात वाचून मोकळे झालो. तिच्यात खजिने लुटले जातात, घोडे दौडतात, हे खरेच. पण माणसाची वेळ सरकारने ताब्यात घेतली की त्याच्या अंगात काय उरते, हे दाखवणारी मराठीतली ती पहिल्या काही पुस्तकांपैकी एक आहे. न्गुगींच्या खंदकाशेजारी तिला ठेवून अजून कोणी धड वाचलेले नाही.

त्याच सुमारास मराठी वाचक दुसरीकडेच निघाला होता. १९६२ मध्ये 'स्वामी', १९६७ मध्ये 'मृत्युंजय', १९६८ मध्ये 'श्रीमान योगी'. न्गुगी स्वातंत्र्याच्या पहिल्या सकाळचा पंचनामा करत होते त्याच वर्षी आपण कर्णाच्या दुःखात बुडालो होतो. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. परक्यांचे राज्य गेल्यावर त्यांच्या येण्यापूर्वीचा आपला काळ परत हातात घ्यावासा वाटणे हीदेखील वसाहतोत्तर भूकच. पण ती भूक भागवता भागवता १९४७ ते १९६१ ही मधली वर्षे मराठी कादंबरीच्या हातून बरीच निसटली. भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' (२०१०) मोहेंजोदडोपासून मोरगावपर्यंत सगळे थर एकाच वेळी उकरू पाहते, ती याला मोठा अपवाद. पुराणवस्तुसंशोधक नायक निवडून नेमाड्यांनी काळाचा प्रश्न थेट जमिनीतच नेला. तिच्या विस्ताराबद्दल आणि तिच्या एकंदर रागाबद्दल वाद घालता येतील, घातलेही गेले. मात्र त्या वादांत तिचा हा काळविचार मागे पडला, हे समीक्षेचे अपयश आहे.

मराठवाड्यात १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा लावणे गुन्हा होता. त्या दिवशी तिथल्या एखाद्या घरात काय चालले असेल? गोव्यातल्या पेडण्याच्या एखाद्या माणसाला पलीकडे सावंतवाडीत झेंडा लागल्याचे कळले, तेव्हा त्याने कोणता दिवस धरला असेल? सेटलमेंटच्या कुंपणाआड तो शुक्रवार कसा गेला? आठवणी आहेत, आत्मकथने आहेत, 'उपरा' आणि 'उचल्या'सारखी पुस्तके आहेत, आणि ती फार मोलाची आहेत. या सगळ्या घड्याळांना एकाच कथेत आणणारी कादंबरी मात्र मराठीत दिसत नाही. त्या रात्री पंधरा-वीस वर्षांची असलेली माणसे आता नव्वदी ओलांडून गेली आहेत, त्यामुळे ज्या कोणाला ती कादंबरी लिहायची आहे त्यांच्याकडे वेळ थोडा आहे.

तोवर निदान एवढे करता येईल. आपल्या बहुतेक शाळांत दिनविशेषाचा फळा असतो. यंदा त्यावर १५ ऑगस्टनंतर ३१ ऑगस्ट लिहिला जावा, पुण्या-नाशकातही १७ सप्टेंबर लिहिला जावा, आणि १९ डिसेंबरची नोंद गोव्याच्या बाहेरही व्हावी. शिक्षकांनी त्या त्या दिवशी वर्गात 'फकिरा'ची चार पाने वाचून दाखवली, तर त्यासाठी शिक्षण खात्याच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही.